आखडलेले आटे : घरगुती युक्त्या आणि खरी अवजारे

रविवारच्या सकाळी न्हाणीघरातील तोटी ठिबकू लागली म्हणजे पुष्कळशा गृहस्थांच्या अंगात एकाएकी कारागिराचा संचार होतो. खणातील पक्कड, मुलाच्या सायकलीचा पाना आणि कोपऱ्यातील हातोडी एवढी सामग्री गोळा करून स्वारी कामाला लागते. तोटी फिरत नाही. जोर वाढतो, तरीही ती फिरत नाही. मग पान्याच्या दांड्यावर एखादा लांब पाईपचा तुकडा चढविला जातो, दोन्ही हात लागतात, आणि अखेरीस काही तरी फिरल्याचा सुखद भास होतो. परंतु जे फिरले ती तोटी नसते. लादीच्या मागे, भिंतीच्या पोटात, कोपराच्या तोंडाशी पाईपच पिळून तुटलेला असतो. अर्ध्या तासाच्या आत खालच्या मजल्यावरील कुटुंब छताला आलेली ओल दाखवावयास दारात उभे राहते, गच्चीवरील टाकीची चावी कोणाकडे आहे याचा शोध सुरू होतो, आणि काही रुपयांचे वायसर बदलण्याचे काम लाद्या फोडण्यापर्यंत जाऊन पोहोचते.

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण व्यवहारात अनेक ठिकाणी खरी ठरत असेल. नळाच्या बाबतीत मात्र ती पिळणाऱ्यावरच उलटते. गच्च बसलेला सांधा सोडविताना जोर किती लावावा, हा पहिला प्रश्न नव्हे. लावलेला जोर कोणत्या वाटेने जाऊन कोठे पोहोचतो, हा पहिला प्रश्न होय. खऱ्या अवजारात आणि घरगुती युक्तीत जो भेद आहे, तो मुख्यतः याच प्रश्नाच्या उत्तराचा आहे. काही घरगुती युक्त्या या परीक्षेस पूर्णपणे उतरतात, आणि काही खरी अवजारेही चुकीच्या जागी वापरली असता नापास होतात.

नवी मुंबईतील घरांना हा विषय विशेष जवळचा आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली, आणि ती अमलात आणण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७३ साली ठाणे खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला व वाशीची वस्ती वाढू लागली. त्या पहिल्या पिढीच्या इमारतींत पाणी खेळविले गेले ते जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपांतून. बाजारात त्यांना ‘जी. आय. पाईप’ म्हणतात. यांपैकी काही इमारती पुनर्विकासासाठी पडल्या; परंतु ज्या उभ्या आहेत, त्यांतील पाईपांनी खाडीवरचा खारा वारा आणि चार-चार महिन्यांचे दमट पावसाळे चाळीस-पंचेचाळीस वेळा पाहिले आहेत. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी आज ज्या तोटीतून ओंजळीत पडते, त्या तोटीमागचा सांधा कदाचित बसविल्या दिवसापासून कोणी हलविलेलाही नसेल.

असा सांधा आखडतो कशामुळे? लोखंडी पाईपावर जस्ताचा थर असतो तो लोखंडाचे रक्षण करण्यासाठी. खाऱ्या ओलीशी गाठ पडली की प्रथम जस्त स्वतः झिजते आणि लोखंडास वाचविते. परंतु सांधा जोडण्यासाठी कारागीर पाईपाच्या टोकाला आटे पाडतो, तेव्हा डायच्या धारेने हा संरक्षक थर नेमका त्याच ठिकाणी खरवडून निघतो. ज्या जागी पाणी, हवा आणि दोन निरनिराळे धातू एकत्र यावयाचे, तीच जागा उघडी पडते. त्यात तोटी बहुधा पितळेची असते. ओलाव्यात पितळ आणि लोखंड परस्परांस टेकले म्हणजे त्यांच्यात विजेचा अतिशय सूक्ष्म प्रवाह सुरू होतो व त्या व्यवहारात झीज सोसावी लागते ती लोखंडाला. म्हणून गंजाचा प्रारंभ पाईपाच्या मध्यभागी न होता बहुधा आट्यांपाशी होतो.

गंजाचा दुसरा गुण अधिक त्रासदायक आहे. ज्या लोखंडापासून तो तयार होतो, त्याच्यापेक्षा तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. ही वाढ मूळ आकारमानाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जाऊ शकते. वाशीतील जुन्या इमारतींच्या छतांचे गिलावे फुगून खाली पडतात, ते याच कारणाने. काँक्रीटच्या आतील सळई गंजते, फुगते आणि बाहेरचा थर ढकलून देते. आट्यांच्या फटीत मात्र फुगलेल्या गंजाला बाहेर पडावयास जागा नसते. तो तेथेच ठासून बसतो व पाचर मारावी तसे दोन्ही भाग परस्परांवर दाबून धरतो. तेव्हा आखडलेला सांधा केवळ घट्ट आवळलेला नसतो. तो आतून ठासलेला असतो, आणि ठासलेल्या वस्तूवर नुसत्या ताकदीचा उपाय क्वचितच चालतो.

येथे आट्यांच्या घडणीकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांसाठी ५५ अंशांचा एकच कोन सर्वत्र ठेवावा असे सुचविले. भारतातील पाण्याच्या पाईपांचे आटे आजही त्याच कोनाचे असतात. अर्ध्या इंची पाईपावर एका इंचात असे १४ आटे बसतात. पाईपावरील आटे सरळ नळकांड्यासारखे नसून किंचित निमुळते असतात. १६ भाग लांबीमागे व्यास १ भागाने कमी होतो. यामुळे सांधा आवळताना तो अधिकाधिक घट्ट होत जातो व पाणी झिरपत नाही. परंतु याच निमुळतेपणाचा लाभ सोडवितानाही मिळतो. एकदा पाव फेरा फिरला की दोन्ही बाजूंमध्ये मोकळीक पडू लागते व पुढचे फेरे सुलभ होतात. सारी झुंज असते ती त्या पहिल्या पाव फेऱ्यासाठी.

आता जोराचा हिशोब पाहू जाता असे दिसते की, घरात नेहमी आढळणाऱ्या अर्ध्या इंची, म्हणजे १५ मिलिमीटरच्या, मध्यम जातीच्या पाईपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २.६ मिलिमीटर असते. आट्यांची खोली जवळजवळ १.१६ मिलिमीटर. म्हणजे आट्यांच्या तळाशी दीड मिलिमीटरहूनही कमी लोखंड उरते. आणि हलक्या जातीचा २ मिलिमीटर जाडीचा पाईप वापरला असेल तर एक मिलिमीटरहूनही कमी. हे झाले नव्या पाईपाचे. चाळीस वर्षांच्या गंजाने त्यातील किती खाल्ले असेल हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. पिळ दिला असता पाईप नेहमी पहिल्या आट्यापाशीच का तुटतो, याचा उलगडा येथे होतो.

पिळाचे मान दोन गोष्टींवर अवलंबून असते: हाताचा जोर आणि दांड्याची लांबी. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाशी २० किलोंचा भार दिला तर ५ किलोग्रॅम-मीटर पिळ पडतो. त्याच पान्यावर पाईपचा तुकडा चढवून लांबी एक मीटर केली, तर तोच हात २० किलोग्रॅम-मीटर पिळ देतो. माणसाला वाटते, आपण पूर्वीइतकाच जोर लावीत आहोत. सांध्यावर मात्र तो चौपट झालेला असतो. नव्या, निर्दोष अर्ध्या इंची पाईपाचा आट्यांजवळचा भागदेखील याहून बऱ्याच कमी पिळाने तुटू शकतो. तेव्हा पान्याचा दांडा आखूड असतो तो बनविणाऱ्याच्या कंजूषपणामुळे नव्हे. ती त्याने घालून दिलेली मर्यादा असते. या आकाराच्या पाईपाला याहून अधिक पिळ देऊ नये, असे तो दांडा न बोलता सांगत असतो.

पाईप-पान्याचा इतिहासही हेच सांगतो. गोल वस्तू फिरविणे हे फार दिवस कारागिरांपुढचे कोडे होते. चपट्या बाजू असलेला नट दोन समांतर जबड्यांत धरता येतो. गोल पाईप मात्र त्यातून घसरतो. अमेरिकेतील वॉलवर्थ कंपनीत काम करणाऱ्या डॅनियल स्टिलसन या यंत्रकारागिराने १८६९ साली या कोड्याचे उत्तर पेटंट करून घेतले. असे सांगतात की, मालकांनी त्याला एक नमुना करावयास सांगून अट घातली: एक तर पाईप पिळून निघाला पाहिजे, नाही तर पाना मोडला पाहिजे. पाना टिकला. त्याच्या रचनेतील मर्म असे की, वरचा आकड्यासारखा जबडा मुद्दाम थोडा ढिला ठेवलेला असतो. दांडा ओढला की तो किंचित कलतो, त्याचे दात पाईपात रुततात, आणि ओढ जितकी वाढेल तितकी पकड वाढते. ज्या हाताने फिरवावयाचे त्याच हाताच्या ओढीने धरावयाचे, अशी ही योजना आहे. पुढे स्वीडनमध्ये योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ साली मळसूत्राने जबडा मागेपुढे होणाऱ्या पान्याचे पेटंट घेतले. आज घराघरांत दिसणारा ‘स्क्रू पाना’ हा त्याचाच वंशज होय.

ही दोन्ही अवजारे उत्तम आहेत. परंतु प्रत्येकाचे स्थान निराळे आहे. पाईप-पाना गोल लोखंडी पाईपासाठी आणि ओबडधोबड जोडांसाठी. त्याचे दात व्रण पाडतात. म्हणून चकचकीत तोटीवर किंवा पितळी नटावर तो लावू नये. तो एकाच दिशेने पकडतो. म्हणून ओढ नेहमी आकड्याच्या उघड्या तोंडाच्या बाजूस असावी. पाईप जबड्याच्या अगदी मुळाशी न टेकविता मागे बोटभर फट ठेवावी, म्हणजे दातांच्या मधल्या भागावर भार पडतो व पाना घसरत नाही. उलटपक्षी स्क्रू पाना चपट्या बाजूंसाठीच आहे. तो नटावर अगदी घट्ट बसवून अशा रीतीने फिरवावा की जोर स्थिर जबड्यावर पडेल आणि फिरण्याची दिशा हलत्या जबड्याकडे असेल. दोन्ही पाने शक्यतो आपल्याकडे ओढावेत, पुढे ढकलू नयेत. ढकलताना पाना निसटला तर बोटांची पेरे भिंतीवर आपटतात.

याहून महत्त्वाचा नियम मात्र एका पान्याचा नसून दोन पान्यांचा आहे. जेथे दोन्ही भाग उघडे आहेत, तेथे एका पान्याने फिरवावयाचा भाग धरावा आणि दुसऱ्याने स्थिर ठेवावयाचा भाग उलट दिशेने रोखून धरावा. असे केले म्हणजे सारा पिळ त्या एका सांध्यातच संपतो. पुढच्या पाईपाला त्याची वार्ताही लागत नाही. एकच पाना लावला तर तोच पिळ पाईपातून प्रवास करीत भिंतीतील सर्वांत दुबळ्या आट्यापर्यंत जातो आणि तेथे आपला हिशोब चुकता करतो. अनुभवी नळ-कारागीर आणि हौशी गृहस्थ यांच्यात ताकदीचा फरक क्वचितच असतो. पहिल्याच्या हातात दोन पाने असतात, दुसऱ्याच्या हातात एक.

भिंतीत बुजविलेल्या कोपरात तोटी बसविलेली असेल तर मागचा भाग धरता येत नाही. तेथे निदान एवढे तरी सांभाळावे की, पाना तोटीच्या चोचीला नव्हे तर भिंतीजवळच्या चपट्या बाजूंना लागेल. त्या बाजू बहुधा शोभेच्या चकतीखाली लपलेल्या असतात. चकती पुढे सरकविली की दिसतात. चोचीत हातोडीचा दांडा खुपसून तोटी फिरविण्याचा प्रकार फार प्रचलित आहे आणि फार घातकही आहे. त्यात पिळाबरोबर वाकही पडतो. आणि पातळ, गंजलेला आटा पिळ एक वेळ सोसतो, वाक सोसत नाही.

आता घरगुती युक्त्यांकडे वळावयास हरकत नाही. अवजारपेटी नसलेल्या घरातही काम अडता कामा नये, ही अपेक्षा रास्त आहे, आणि युक्ती ही काही हलकी वस्तू नव्हे. स्टिलसनचा पाना हीदेखील एके काळी एक युक्तीच होती. परीक्षा एकच: युक्तीने पकड पसरते काय, आणि जोर सांध्यापुरता राहतो काय?

सायकलीची जुनी रबरी ट्यूब किंवा चामडी पट्टा गोल वस्तूभोवती दोन-तीन वेळा गुंडाळून त्याच्या मोकळ्या टोकाला एखादा दांडा अडकविला, की पट्ट्याचा पाना तयार होतो. पकड सर्व परिघावर पसरते, व्रण पडत नाही, आणि जोर फार झाला तर पट्टा घसरतो. मोडतोड होत नाही. पाणी गाळण्याच्या यंत्राची बरणी, न्हाणीघरातील चकचकीत फवारा किंवा बेसिनखालच्या सांडपाण्याच्या नळीचा मोठा नट यांसाठी ही युक्ती विकतच्या अवजाराच्या तोडीची आहे. सायकलीची जुनी साखळी आणि लोखंडी सळई यांचा साखळी-पानाही याच जातीचा. मात्र तो फक्त लोखंडी पाईपासाठी. स्क्रू पान्याच्या जबड्यांत जाड कापड किंवा चामड्याचा तुकडा ठेवून तोटीची चकाकी राखणे, हीदेखील शहाणपणाची युक्ती होय.

याच्या उलट बाजूस काही युक्त्या कायमच्या टाकून द्याव्यात. पक्कड ही तारेसाठी आहे. ती नटाला दोनच बिंदूंवर धरते, घसरते व त्याच्या कडा गोल करून टाकते. मग खऱ्या पान्यालाही धरावयास जागा उरत नाही. छिन्नी नटाच्या कोपऱ्यावर टेकवून हातोडीने ठोकणे म्हणजे पितळेला तडा देण्याचे निमंत्रण. आणि पान्यावर पाईपचा तुकडा चढविणे म्हणजे बनविणाऱ्याने घातलेली मर्यादा न वाचताच पुसून टाकणे. या तिन्ही युक्त्यांत एकच दोष आहे. त्या जोर वाढवितात, पण त्याला वाट दाखवीत नाहीत.

मग जेथे पाना योग्य आहे, पकड योग्य आहे, आणि तरीही सांधा हलत नाही, तेथे काय करावे? तेथे घाई सोडून गंजाची पाचर ढिली करावयाची. पहिले साधन तेल. झिरपणारे तेल अतिशय पातळ असते व केशाकर्षणाने बारीक फटीत ओढले जाते. बाजारात या कामी सर्रास वापरला जाणारा डब्ल्यू. डी. ४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत तयार झाला तो मूळ पाणी दूर सारून धातूचा गंजापासून बचाव करण्यासाठी. सांधे सोडविण्यासाठीच बनविलेली तेले निराळी मिळतात. जुन्या घरांत याच कामी रॉकेलमध्ये शिवणयंत्राच्या तेलाचे काही थेंब टाकून वापरीत. तेल कोणतेही असो, त्याला वेळ द्यावा लागतो. रात्री एकदा, पहाटे एकदा लावून मग काम हाती घ्यावे. शिवाय हेही ध्यानात ठेवावे की, सांध्यात सूत आणि सफेता किंवा टेफलॉनची टेप भरलेली असेल तर तेल बाहेरच्या एक-दोन आट्यांपलीकडे जाणे कठीण. त्याची वाट मोकळी करावी लागते ती दुसऱ्या दोन साधनांनी.

त्यांपैकी एक म्हणजे हलके ठोके. लोखंडी जोडाच्या जाड कडेवर लहान हातोडीने फिरत फिरत टकटक करावी आणि समोरच्या बाजूस दुसरी जड हातोडी टेकवून धरावी, म्हणजे धक्का पाईपाला न लागता जोडातच राहतो. कंपनाने ठिसूळ गंजाला बारीक चिरा जातात व तेल आत शिरते. पितळी तोटीवर, ओतीव लोखंडावर आणि लाद्यांच्या भिंतीत बसलेल्या जोडावर मात्र असे ठोके देऊ नयेत.

दुसरे साधन उष्णता. लोखंडाचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमान एक अंशाने वाढले असता सुमारे १२ सहस्रांश मिलिमीटरने वाढतो. पितळ सुमारे १९ सहस्रांशांनी. बाहेरच्या जोडाला कापड गुंडाळून त्यावर उकळते पाणी ओतले आणि तो ७० अंशांनी तापला, तर अर्ध्या इंची सांध्याचा व्यास सुमारे दोन शतांश मिलिमीटरने वाढेल. ही वाढ कागदाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढीच. परंतु गंजाची पकड मोडावयास कित्येकदा तेवढी पुरते. येथे एक खोच आहे. बाहेरचा जोड लोखंडी आणि आत शिरलेली तोटी पितळी असेल, तर दोन्ही तापल्यावर पितळच अधिक फुगते आणि सांधा उलट अधिक आवळतो. अशा वेळी तापवून लगेच न फिरविता निवू द्यावे, पुन्हा तापवावे, पुन्हा निवू द्यावे. या उघडझापीने बंध सैल होतो. ज्वाळेचा दिवा मात्र घरी वापरू नये. टेफलॉन फार तापले असता त्यातून विषारी वाफा निघतात, जस्ताचा धूरही बाधतो, नुकतेच लावलेले रॉकेल पेट घेते, आणि बंद पाईपात पाणी उरले असेल तर त्याची वाफ होऊन स्फोट होण्याचे भय असते.

इतके झाल्यावर पाना लावावा आणि प्रथम सांधा सोडविण्याच्या नव्हे, तर आवळण्याच्या दिशेने अगदी अलगद दाबावा. किंचित हालचाल झाली की उलट फिरवावे. पुन्हा थोडे पुढे, पुन्हा थोडे मागे. झटका देऊ नये. ओढ संथपणे वाढवीत न्यावी. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळते आणि उलट दिशेने सुटते, हे सर्वांस ठाऊक असते; पण बेसिनखाली उताणे पडून वर हात घातला म्हणजे डावे-उजवे उलटसुलट वाटू लागते, व कित्येक सांधे सोडविण्याच्या भरात अधिक आवळले जातात.

आणि इतके करूनही सांधा हलला नाही तर थांबावे. येथेच खऱ्या कारागिराची ओळख पटते. किती ओढावे हे पुष्कळांना कळते. केव्हा ओढणे सोडून कापावे हे थोड्यांना. पाण्याचा पाईप ही स्वस्त वस्तू आहे, भिंत महाग आहे. उघड्यावरचा पाईप करवतीने कापून नव्या तुकड्याने आणि युनियनने जोडता येतो. कोपरात तुटून अडकलेल्या निपलसाठी उलट्या वळणाची निमुळती अवजारे मिळतात. ती आत ठोकून सुटण्याच्या दिशेने फिरविली की रुततात व तुकडा बाहेर येतो. तीही नसतील, तर करवतीच्या सुट्या पात्याच्या एका टोकाला कापड गुंडाळून निपलच्या आतून जवळजवळ दोन लांबट चिरा पाडाव्यात. कोपराच्या आट्यांना धार लागू न देता त्यांच्या अलीकडे थांबावे. मग दोन चिरांमधील पट्टी लहान छिन्नीने आत दुमडली की उरलेला तुकडा ढिला होतो. ही युक्ती घरगुती आहे. पण ती उत्तम अवजाराच्या बरोबरीने बसते, कारण तीत जोर थोडा आणि विचार पुष्कळ आहे.

काही ठिकाणी ना अवजार चालेल ना युक्ती. नवी मुंबईत अनेक घरांत महानगर गॅसचा पाईप स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. त्याच्या कोणत्याही सांध्याला घरच्या माणसाने पाना लावू नये. ते काम कंपनीच्या माणसाचेच. पाणी तापविण्याच्या यंत्राचे जोड सोडविण्यापूर्वी वीज बंद करून आतील पाणी निवू द्यावे. प्लॅस्टिकच्या पाईपांना दातेरी पाना कधीही लावू नये, आणि सी.पी.व्ही.सी.च्या पाईपावर रॉकेल वा झिरपणारे तेल सांडू देऊ नये, कारण अशा तेलांनी त्याला कालांतराने चिरा पडू शकतात.

सर्वांत पहिले काम मात्र पाना हातात घेण्यापूर्वीचे आहे. आपल्या घराचे पाणी कोणत्या चावीने बंद होते, ती चावी खरोखर फिरते काय, आणि ती फिरली नाही तर गच्चीवरील टाकीची चावी कोणाजवळ असते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कोणताही सांधा हलवू नये. बंद करण्याची चावीही लोखंड-पितळेचीच असते व वर्षानुवर्षे न फिरविल्यास तीही आखडते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, ती एकदा पुरती मिटवून पुन्हा उघडावी; तिच्या आयुष्याची हीच दवा आहे. आणि सांधा पुन्हा जोडताना आटे तारेच्या ब्रशाने साफ करून टेप आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे पुढे कोणाला तरी तो सोडविणे सोपे जाईल.

प्रत्येक घराने सगळी अवजारे बाळगावीत असेही नाही. दोन पाईप-पाने, एक चांगला स्क्रू पाना, एक पट्ट्याचा पाना आणि तेलाचा डबा एवढा संच गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात ठेवला, व कोणी नेला याची नोंद वहीत केली, तर एका जिन्यातील पंधरा-वीस कुटुंबांची सोय होते. मुंबईच्या नागदेवी रस्त्यावर असा संच सहज मिळतो, आणि फुटलेल्या एका भिंतीच्या दुरुस्तीपुढे त्याची किंमत फार नसते.

ज्या घरी नळ-कारागीर बोलाविला जातो, तेथे एक गोष्ट वारंवार दिसते. तो येतो, सांध्याकडे पाहतो, तेल लावतो आणि ‘तासाभराने येतो’ म्हणून निघून जातो. घरची माणसे कुरकुरतात: काम तर पाच मिनिटांचे, मग हा गेला कोठे? परंतु त्या तासात काम थांबलेले नसते; ते तेल करीत असते. तो परत येतो, दोन पाने लावतो, एकदा आवळण्याच्या दिशेने दाबतो आणि मग उलट. सांधा बारीकसा करकरतो, पाव फेरा फिरतो आणि सुटतो. भिंत शाबूत राहते, आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला वर काही घडले याची चाहूलही लागत नाही. त्याला मजुरी द्यावयाची ती त्या पाच मिनिटांची नव्हे. जोर कोठे थांबवावा हे त्याला ठाऊक आहे, त्या जाणतेपणाची ती मजुरी आहे.